इर्शाळवाडी धोक्याच्या यादीत नव्हती, म्हणजे नेमकं काय? समजून घ्या डेटाबेसच्या भाषेत

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वाडीत २२८ लोकांची नोंद होती. त्यातल्या २७ जणांचे मृतदेह सापडले, १४४ जण हयात असल्याचं स्पष्ट झालं आणि ५७ जण कधीच सापडले नाहीत. २३ जुलैला शोधकार्य थांबवण्यात आलं.

या दुर्घटनेनंतर सरकारने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली, ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. दुसरी, इथे याआधी दरड कोसळल्याची नोंद नव्हती.

ही वाक्यं तेव्हा बातम्यांमध्ये आली आणि मागे पडली. पण 'यादीत नव्हती' याचा अर्थ काय? कुणीतरी येऊन बघितलं आणि धोका नाही असं ठरवलं, की कुणी बघितलंच नव्हतं? दोन्ही उत्तरं कागदावर सारखीच दिसतात. प्रत्यक्षात मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कंपन्या रोज जे तंत्र वापरतात, त्यात हा फरक ओळखण्याची सोय गेल्या अनेक दशकांपासून आहे. त्या तंत्राचं नाव रिलेशनल डेटाबेस. हे काय प्रकरण आहे आणि कर्जत-खालापूरच्या डोंगरातल्या वाड्यांशी त्याचा काय संबंध, ते बघूया.

रिलेशनल डेटाबेस म्हणजे काय?

१९७० साली आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या एडगर कॉड या संशोधकाने एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातली कल्पना सोपी होती. सगळी माहिती एकाच लांबलचक वहीत कोंबू नका. वेगवेगळ्या विषयांचे वेगवेगळे तक्ते करा आणि त्या तक्त्यांना जोडणारा एक सामाईक क्रमांक ठेवा. या क्रमांकाला 'की', म्हणजे किल्ली म्हणतात. पुढे तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी आयबीएममध्येच एसक्यूएल ही भाषा तयार झाली. आजही बँका, रेल्वे आरक्षण आणि ऑनलाइन दुकानं यांचा मोठा कारभार याच पद्धतीवर चालतो.

एक उदाहरण घेऊ. समजा एका सुपरमार्केट साखळीचं दुकान कर्जतमध्ये आहे. एका तक्त्यात बिलं, दुसऱ्यात माल, तिसऱ्यात शाखा, चौथ्यात ग्राहक. बिल करताना काउंटरवर तुमचा मोबाईल नंबर विचारतात, तो बहुतेक वेळा याच किल्लीसाठी. त्या नंबरामुळे आजचं बिल तुमच्या मागच्या बिलांना जोडलं जातं.

आता मालक विचारू शकतो, 'पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी कर्जतच्या शाखेत कुठला माल आधी संपतो?' हे झालं बिझनेस इंटेलिजन्स. प्रश्न माणसाचा, उत्तर तक्त्यांचं. याच्या पुढची पायरी डेटा मायनिंग. इथे माणूस नेमका प्रश्न विचारत नाही, लाखो बिलांमधून संगणकच नमुने शोधतो. 'जे ग्राहक ही वस्तू घेतात ते बहुतेकदा ती वस्तूही घेतात' असे नियम शोधण्याची पद्धत राकेश अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडली. तेही तेव्हा आयबीएममध्येच होते.

थोडक्यात, रेनकोट कुठल्या आठवड्यात संपणार हे दुकानाला आधी कळतं, कारण त्याचे तक्ते एकमेकांना जोडलेले असतात.

सरकारकडे माहिती नाही का?

माहिती आहे, आणि भरपूर आहे. डोंगरातल्या एखाद्या वाडीचंच बघा.

जिल्हा परिषदेची शाळा असेल तर तिला यूडायस क्रमांक असतो. कुटुंबांची शिधापत्रिका असते. मतदार यादीत नावं असतात. पंतप्रधान ग्रामसडक योजना आणि जल जीवन मिशन वस्तीपातळीवर नोंदी ठेवतात. पावसाची आकडेवारी महसूल मंडळानुसार जमा होते. डोंगराचा उतार उपग्रहाच्या मदतीने तयार झालेल्या नकाशांवरून काढता येतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण म्हणजेच जीएसआय ही केंद्र सरकारची संस्था दरडींच्या धोक्याचे नकाशे तयार करते.

म्हणजे शाळा, रेशन, रस्ता, पाणी, पाऊस, उतार असे सगळे तक्ते आहेत. अडचण किल्लीची आहे.

वाडी हे 'गाव' नसतं

सरकारी कारभाराचं मूळ एकक म्हणजे महसुली गाव. सातबारा त्याच्या नावाने निघतो. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला सहा अंकी क्रमांक मिळाला. पण कर्जत आणि खालापूरमधल्या ठाकूर आणि कातकरी समाजाच्या कितीतरी वस्त्या ही स्वतंत्र महसुली गावं नाहीत. त्या कुठल्या तरी गावाच्या हद्दीतल्या वाड्या आहेत. गाव खाली सपाटीवर आणि वाडी वर डोंगराच्या कुशीत, असं चित्र इथे नेहमीचं आहे.

त्यामुळे गावनिहाय तक्त्यात वाडी वेगळी दिसत नाही, ती गावाच्या आकड्यात विरघळते. गावाचा सरासरी उतार कमी निघतो, कारण गावाची बरीचशी जमीन भातखाचरांची असते. रस्ता आहे का, या रकान्यात 'हो' येतं, कारण गावापर्यंत डांबरी रस्ता असतो. इर्शाळवाडीला मात्र फक्त पायवाटेनेच जाता येत होतं. म्हणूनच त्या रात्री मोठी यंत्रं वर नेता आली नाहीत आणि हातांनी माती उपसावी लागली.

मग नावाने तक्ते जोडता येतील का? तेही कठीण. बातम्यांमध्येच या वाडीचं नाव इर्शाळवाडी, इरशाळवाडी, इर्शालवाडी असं वेगवेगळं लिहिलं गेलं. संगणकासाठी ही तीन वेगळी ठिकाणं आहेत. त्यात 'ठाकूरवाडी' किंवा 'कातकरवाडी' अशी नावं अनेक ठिकाणी आढळतात.

जमिनीची नोंदही दरवेळी मदतीला येत नाही. वनजमिनीवरच्या वाडीत घर पिढ्यान्‌पिढ्या तिथेच असलं, तरी अनेकदा सातबाऱ्यावर त्या कुटुंबाचं नाव नसतं. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत वस्तीनिहाय सर्वेक्षण झालं, पण ती योजना विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी आहे. कातकरी त्यात येतात, ठाकूर येत नाहीत. म्हणजे शेजारशेजारच्या दोन वाड्यांपैकी एकीची नोंद त्या तक्त्यात सापडेल, दुसरीची सापडणार नाही.

'नाही' आणि 'माहीत नाही'

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

डेटाबेसमध्ये रिकाम्या जागेसाठी एक खास खूण असते, 'नल'. नल म्हणजे शून्य नाही आणि 'नाही'सुद्धा नाही. नल म्हणजे 'माहीत नाही'. एखाद्या वाडीसमोर धोक्याच्या रकान्यात 'नाही' लिहिलं असेल तर कुणीतरी तपासून ते लिहिलं, असं मानता येतं. नल असेल तर तपासणी बाकी आहे, हे कळतं.

फक्त धोकादायक गावांचीच यादी केली तर हा फरक पुसला जातो. यादीबाहेरची सगळी ठिकाणं एकसारखी दिसू लागतात. तपासून सुरक्षित ठरलेली आणि कुणीच न पाहिलेली, दोन्ही एकाच गठ्ठ्यात जातात. मग 'यादीत नाही' याचा अर्थ हळूहळू 'धोका नाही' असा लावला जातो.

यावर डेटाबेसमधला उपाय अगदी साधा आहे. दोन तक्ते जोडण्याच्या दोन मुख्य पद्धती असतात. 'इनर जॉईन' केलं तर दोन्हीकडे सापडलेल्याच नोंदी मिळतात. 'लेफ्ट जॉईन' केलं तर पहिल्या तक्त्यातली प्रत्येक नोंद राहते, आणि दुसरीकडे जोड नसेल तिथे नल येतं. म्हणजे आधी सगळ्या वाड्यांचा पूर्ण तक्ता घ्या. त्याला तपासणीचा तक्ता जोडा. ज्यांच्यासमोर नल येईल, त्या वाड्यांकडे अजून कुणी गेलेलं नाही. पावसाळ्याआधी कुठे जायचं, याची ही पहिली यादी.

हे काही पुस्तकी गणित नाही. इर्शाळवाडीतच ते करावं लागलं, फक्त दुर्घटनेनंतर. काही मुलं आश्रमशाळेत होती, काही लोक कामानिमित्त बाहेर होते. त्यामुळे त्या रात्री वाडीत नेमके किती जण होते, हे सुरुवातीला कुणालाच सांगता येत नव्हतं. मग रहिवाशांच्या पूर्ण यादीतून हयात असलेले आणि मृतदेह सापडलेले वजा होत गेले. जी नावं उरली ती ५७ होती. पूर्ण यादी समोर ठेवून कुणाचा पत्ता नाही हे शोधणं, म्हणजे लेफ्ट जॉईनच. तेव्हा ते माणसांच्या नावांवर झालं. वाड्यांच्या नावांवर ते आधीच करता येतं.

मग डेटा मायनिंगने दरड आधी कळेल का?

इथे जरा सावध राहायला हवं.

किती वेळात किती पाऊस झाला की दरडी कोसळू लागतात, याची मर्यादारेषा काढण्याचा प्रयत्न नेल केन या संशोधकाने १९८० मध्ये जगभरातल्या घटनांवरून केला होता. आज अशा रेषा त्या-त्या भागासाठी काढल्या जातात. जीएसआयने १९ जुलै २०२४ ला, म्हणजे इर्शाळवाडीच्या घटनेला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू केलं.

पण डेटा मायनिंग भूतकाळातून शिकतं. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातलं जुई, ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण, २२ जुलै २०२१ ला पुन्हा महाड तालुक्यातलं तळिये. या घटना संगणकाला दाखवता येतात. मात्र जिथे आधी कधी दरड कोसळल्याची नोंदच नाही, तिथे निव्वळ इतिहासावर चालणारं मॉडेल गप्प बसतं. नोंद नसणं म्हणजे घटना न घडणं, असंही नाही. निर्जन उतारावर माती घसरली तर ती कोण लिहून ठेवतो?

म्हणून इतिहासाच्या जोडीला उतार, मातीचा थर, पाण्याचे प्रवाह आणि उतारावरची घरं हेही तक्ते लागतात. पावसाच्या आकड्यालाही मर्यादा आहे. खाली मंडळाच्या ठिकाणी बसवलेलं पर्जन्यमापक यंत्र आणि माथेरानच्या पठारालगतचा डोंगर, दोन्हीकडे पाऊस सारखाच पडेल असं नाही.

आणि हे सगळं जुळलं तरी संगणक फक्त क्रम लावून देतो. जमिनीला भेगा पडल्यात का, झाडं कलली आहेत का, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालंय का, हे वाडीतल्या माणसाला आणि तिथे पोचलेल्या भूवैज्ञानिकालाच दिसतं. डेटाबेसचं काम एवढंच की त्या भूवैज्ञानिकाला आधी कुठल्या वाडीत पाठवायचं, ते सांगणं.

लोकांची खासगी माहिती लागेल का?

सरकारी तक्ते जोडायचे म्हटलं की आधार, पाळत आणि माहितीची गळती या शंका येतात, आणि त्या रास्त आहेत. पण इथे किल्ली माणसाची नाही, वाडीची आहे. वाडीला एक कायमचा क्रमांक, तिचे अक्षांश-रेखांश, घरांची संख्या, रस्ता आहे की नाही, तपासणीची तारीख आणि निष्कर्ष. एवढ्यावर काम सुरू होऊ शकतं. त्यात कुणाचं नाव, जात किंवा बँक खातं लागत नाही.

उलट असा तक्ता सगळ्यांना बघता आला तर फायदाच आहे. आपली वाडी त्यात आहे का, आणि असेल तर तिच्यासमोर काय लिहिलंय, हे तिथल्या तरुणांना मोबाईलवर तपासता येईल. नाव चुकलं असेल तर ते सांगतील. वाडी गळली असेल तर तेही सांगतील.

ग्रामसभेत काय विचारता येईल?

इर्शाळवाडीच्या वाचलेल्या कुटुंबांसाठी सिडकोने ४४ घरं बांधली. पण कर्जत आणि खालापूरमध्ये उतारावरच्या वाड्या अजूनही आहेत आणि पावसाळा दरवर्षी येतो.

त्यामुळे 'आमची वाडी धोक्याच्या यादीत आहे का?' एवढाच प्रश्न पुरेसा नाही. त्याचं उत्तर 'नाही' आलं तर पुढचे तीन प्रश्न विचारायला हवेत. आमच्या वाडीची तपासणी झाली आहे का? ती कुणी आणि कधी केली? आणि ती गावाची झाली, की वाडीच्या उतारावर जाऊन झाली?

ग्रामसभेत हे प्रश्न विचारता येतात, माहिती अधिकारातही मागता येतात. त्यांना लेखी उत्तर मिळालं तर रकाना भरला. उत्तर मिळालं नाही तर तिथे 'नल' आहे, म्हणजे वाडी सुरक्षित आहे असं अजून कुणीही सांगितलेलं नाही.