उस्तादांची उधारी

लेड झेपलिन हा बँड खरोखर थोर होता का, हे रॉकवेड्यांच्या बैठकीत विचारायची सोय नाही. विचारलं की लगेच दोन तट पडतात. एका तटासाठी त्यांचा गिटारवादक जिमी पेज म्हणजे साक्षात देव. दुसरा तट म्हणतो, कसला देव, दरोडेखोर! दोन्ही तटांशी माझं भांडून झालं आहे, तेव्हा आज लेखी निकाल देऊन टाकतो.

आधी आरोपपत्र. 'होल लोटा लव्ह' हे त्यांचं १९६९ सालचं गाजलेलं गाणं. त्याचे शब्द ब्लूज गीतकार विली डिक्सनच्या 'यू नीड लव्ह'मधून आलेले. ब्लूज गायक मडी वॉटर्सनं ते १९६२ साली गायलं होतं. झेपलिनच्या रेकॉर्डवर मात्र डिक्सनचं नाव नव्हतं. १९८५ साली तो कोर्टात गेला, १९८७ साली तडजोड झाली, आणि पुढे त्याचं नाव लागलं. 'द लेमन साँग'मध्ये हाउलिन वुल्फ या ब्लूज गायकाचं 'किलिंग फ्लोअर' सरळ ऐकू येतं. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' तर जेक होम्स नावाच्या गायकानं १९६७ सालीच रेकॉर्ड केलं होतं. 'स्टेअरवे टू हेवन'वरही उचलेगिरीचा खटला झाला; तो मात्र झेपलिननं २०१६ साली ज्यूरीपुढे जिंकला आणि २०२० साली अपिलातही तो निकाल टिकला. पण एका खटल्यात सुटका झाली म्हणून बाकीची खाती मिटत नाहीत.

भक्तांचा बचाव ठरलेला असतो: ब्लूजमध्ये सगळेच एकमेकांचं उचलतात. हे खोटं नाही. आपल्याकडेही एकच बंदिश चार घराण्यांचे गवई गातात, आणि त्याला कुणी चोरी म्हणत नाही. पण आपला गवई गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. शिवाय रेकॉर्डच्या धंद्यात गीतकार म्हणून ज्याचं नाव छापलं जातं, त्याच्याकडे रॉयल्टी जाते. म्हणजे नाव गाळलं की पैसेही गाळले. इथे परंपरेची ढाल पुढे करणं मला पटत नाही.

मग हा बँड सामान्य ठरतो का? मुळीच नाही, आणि तसं म्हणणाऱ्यांना मी 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' ऐकायला बसवतो. मिसिसिपीच्या १९२७ सालच्या महापुरावरचं हे गाणं कॅन्सस जो मकॉय आणि मेम्फिस मिनी या जोडीनं १९२९ साली रेकॉर्ड केलं. मूळ गाणं दोन गिटारींवरचं, हलकं, चालतं. झेपलिननं १९७१ सालच्या आल्बमसाठी ते घेतलं तेव्हा इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत जॉन बॉनमचे ड्रम जिन्याच्या तळाशी मांडले आणि माइक वरच्या मजल्यावरून खाली सोडले. त्यातून जो आवाज आला, त्यात बांध फुटणार हे शब्द कानावर पडायच्या आधीच समजतं. आणि गंमत म्हणजे या गाण्याच्या श्रेयात त्यांनी मेम्फिस मिनीचं नाव पहिल्यापासून दिलं होतं! त्यामुळे गाणं तसूभरही लहान झालं नाही. झेपलिनविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा मला इथेच दिसतो. नाव देणं त्यांना जमत होतं, परवडतही होतं.

या लोकांचे कान जबरदस्त होते. १९७२ साली पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, तेव्हा इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत बसले आणि आपलीच दोन गाणी नव्यानं वाजवून पाहिली. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं. १९७५ सालच्या 'काश्मीर' या गाण्याचे शब्द दक्षिण मोरोक्कोतल्या प्रवासात सुचले. त्या गाण्यात गिटार तीन मात्रांत फिरते, बॉनम चारात ठेका धरतो, आणि बारा मात्रांनी दोघं समेवर येतात. ही गणितं कुणाकडून चोरता येत नाहीत, ती हातात असावी लागतात.

बॉनम १९८० साली गेला आणि त्याच डिसेंबरात उरलेल्या तिघांनी बँड बंद केला. ड्रमर बदलून दुकान चालू ठेवणारे पैशाला पासरी मिळतात. आपला नाद चौघांचा मिळून आहे, हे या तिघांना पक्कं ठाऊक होतं.

तर निकाल असा: वादक आणि ध्वनीचे कारागीर म्हणून लेड झेपलिन थोर, निःसंशय थोर. गीतकार म्हणून अर्धी कीर्ती उधारीची, आणि ती उधारी बऱ्याचदा वकिलाची नोटीस आल्यावर फेडलेली. एका बाजूच्या जमेनं दुसऱ्या बाजूची थकबाकी भागवायची नाही. भक्तांना हे कडू लागेल, विरोधकांना मिळमिळीत. दोघांनाही एकच पथ्य सांगतो: आधी मडी वॉटर्स ऐका, मग झेपलिन. हा क्रम पाळून ज्याला झेपलिन फिकं वाटेल, त्याच्याशी मी पुढची बैठक भांडायला तयार आहे.