वाण शेतात पोहोचले, ताटाचे काय?

दुर्गाघाट (वाराणसी) : पेशवेकाळापासून मराठी वस्ती असलेल्या या घाटाच्या शहरात २९ डिसेंबर २०१८ रोजी आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या दक्षिण आशिया प्रादेशिक केंद्राचे उद्घाटन झाले. शेतकऱ्याचे उत्पन्न आणि गरिबाचे पोषण ही दोन्ही उद्दिष्टे या केंद्रासमोर आहेत. मात्र प्रयोगशाळेतील दाणा आपोआप ताटात पडत नाही, हा धडा महाराष्ट्रातील बाजरीने यापूर्वीच दिला आहे.

'इक्रिसॅट' आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून आलेले 'धनशक्ती' हे लोहसमृद्ध वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाले. ग्रामीण महाराष्ट्रातील शाळकरी मुलांना अशी बाजरी दिल्यावर त्यांच्यातील लोहाची कमतरता घटल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. दुसरीकडे, देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त असल्याचे २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते.

संसदेने २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याला एक रुपया किलो दराने स्थान दिले. प्रत्यक्षात शिधावाटपावर वर्चस्व राहिले ते गहू-तांदळाचेच. हमीभाव ठरतो तो क्विंटलवर. दाण्यातील लोहाला त्यात मोल नाही. मग कोरडवाहू शेतकऱ्याने हे वाण कशासाठी निवडावे?

म्हणूनच अशा धान्याची स्वतंत्र, वाढीव दराने खरेदी करून ते अंगणवाड्या व शालेय आहारात दिले पाहिजे. शास्त्रज्ञांनी आपले काम केले आहे. उरलेले काम धोरणकर्त्यांचे आहे. ते रखडले, तर वाराणसीच्या भाताचीही गत बाजरीसारखीच होईल.