शब्द काढून घेतल्यावर

मातृभूमीवरील प्रेम मराठी संगीतात बहुधा शब्दांच्या आधारानेच प्रकट झाले आहे. पोवाडा असो, मेळ्यातले पद असो वा प्रभातफेरीतले गाणे, सूर तेथे शब्दांना वाहून नेतो, आणि शब्द काढून घेतले तर मागे उरलेल्या चालीत देश ऐकू येईल का, हे तपासून पाहण्याची वेळ क्वचितच आली. ती आली राष्ट्रगीताच्या निवडीच्या निमित्ताने. वेळणेश्वरहून निघणाऱ्या या अंकाने यंदा वाद्यवृंद आणि स्वदेश हा विषय घेतला असल्याने त्या प्रकरणापासून आरंभ करणे उचित ठरेल.

१९४७ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारतीय शिष्टमंडळाकडे वाद्यवृंदासाठी राष्ट्रगीत मागण्यात आले, तेव्हा हाताशी होती ती ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका, तिच्यावरून बसवलेले वादन श्रोत्यांना भावले, आणि २५ ऑगस्ट १९४८ रोजी संविधान सभेतील निवेदनात पंडित नेहरूंनी ‘वंदे मातरम्’चा थोरपणा मान्य करूनही ते वाद्यवृंदाला वा बँडला सहज पेलणारे नाही, असे मत मांडले. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. रागसंगीतात एकच सुरावट स्थिर षड्जाच्या आधाराने पुढे सरकते आणि तिचा प्राण पुष्कळदा मींडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्यात असतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात मात्र अनेक वादक कागदावर लिहिलेले वेगवेगळे स्वर एकाच वेळी वाजवून स्वरमेळ, अर्थात हार्मनी, उभा करतात, आणि पितळी वाद्यांच्या बँडला तर मींड जवळजवळ परकीच.

भास्करबुवा बखल्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर (१८९८–१९७४) यांनी या आक्षेपाला गाऊन आणि वाजवून उत्तर दिले. मिश्र झिंझोटी रागात त्यांनी ‘वंदे मातरम्’ला समूहाला झेपेल अशी चाल दिली, ती बँडवर बसवून घेतली आणि दिल्लीत संविधान सभेच्या सदस्यांपुढे तिचे प्रात्यक्षिक केले. मराठीत ‘चाल’ म्हणजे सुरावट आणि ‘चाल’ म्हणजे पावले टाकण्याची रीतही. बँडची मागणी या दोन्ही अर्थांची होती. २४ जानेवारी १९५० रोजी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरले आणि ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान मिळाला, तरी घराण्याच्या गायकीत मुरलेल्या गवयाने बँडच्या शिस्तीशी केलेली ही झटापट निकालाच्या सावलीत झाकली जावी, हे संगीताच्या इतिहासाला शोभणारे नाही.

नुसत्या सुरांत देश ऐकू येईल का, हा प्रश्न युरोपात शब्दांवाचूनच सुटला होता. बोहेमियाचा संगीतकार स्मेटाना याने १८७४ ते १८७९ या काळात ‘माझा देश’ अशा अर्थाच्या नावाखाली सहा स्वरकाव्ये (एखादे दृश्य वा कथा केवळ वाद्यांतून मांडणाऱ्या रचना) लिहिली. त्यांतील व्हल्टावा नदी बासऱ्या आणि क्लॅरिनेट यांच्या दोन झऱ्यांतून उगम पावते आणि प्राग शहरापाशी पूर्ण वाद्यवृंदाचे पात्र भरून वाहते. ती रचना लिहिताना स्मेटाना पूर्ण बहिरा झाला होता. तिच्या मुख्य सुरावटीचे कूळ जुन्या इटालियन चालीशी जुळते, ही बाब स्वदेशीच्या कडव्या अभिमान्यांनी जरूर ध्यानात घ्यावी.

आपल्याकडे त्या वाटेने गेला तो गोव्यातील माजोर्ड्याचा अँथनी गोन्साल्विस. चित्रपटसंगीतातील या व्हायोलिनवादक संयोजकाने (संयोजक म्हणजे चालीभोवती वाद्यांचा मेळ लिहून देणारा) १९५८ मध्ये मुंबईत भारतीय सिम्फनी वाद्यवृंद उभारला, सारंगासारखे राग वाद्यवृंदासाठी लिहिले आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात ते वाजवून दाखवले. त्या वर्षी त्याचे जन्मगाव पोर्तुगीज अमलाखाली होते, तरीही वाद्यवृंदाच्या नावात त्याने भारत घातला. पुढे शिष्य, संगीतकार प्यारेलाल यांच्यामुळे त्याचे नाव १९७७ च्या एका चित्रपटगीतातून घरोघर पोहोचले. त्याचे संगीत मात्र पोहोचले नाही.

शब्दांवाचून आपली भूमी ऐकू येण्यासाठी बँड वा सिम्फनीच लागते असे नाही. शिमग्यात आमच्या गुहागर तालुक्याच्या वाड्यावाड्यांतून ग्रामदेवतेची पालखी निघते, तेव्हा ढोल, ताशा, झांज आणि सनई यांच्या मेळात शब्द नसतो आणि लिहिलेला कागदही नसतो; तरी मुंबईहून रातोरात आलेला चाकरमानी अजून पालखी दृष्टीस पडली नसतानाच, नुसत्या ढोलावरून ती कोणाच्या खळ्यात पोहोचली याचा अंदाज बांधत पायांत चपला सरकवतो.