साखरेच्या पाकातलं डोकं

मोबाईलवर *#०७# डायल करून पाहा. बहुतेक फोनवर एसएआर नावाचा एक आकडा येतो. फोनच्या लहरींतून शरीर किती ऊर्जा शोषतं, त्याचं हे माप. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून त्याची मर्यादा १.६ वॅट प्रति किलो आहे. पण हा आकडा मोजतात कुणाच्या डोक्यात? कुणाच्याच नाही! जिवंत डोक्यात प्रोब कसा घालणार? म्हणून प्लॅस्टिकच्या पोकळ डोक्यात एक द्रव भरतात, बाहेरून फोन टेकवतात आणि रोबोच्या हाताने द्रवात प्रोब फिरवतात.

हा द्रव कसला? अमेरिकेच्या एफसीसीने २००१ मध्ये ८३५ मेगाहर्ट्झसाठी दिलेली कृती वाचून कोल्हापूरकराला हसूच येईल. वजनाने साखर ५६ टक्के, पाणी ४१.४५, मीठ १.४५, बाकी दाटपणासाठी सेल्युलोज आणि थोडं जंतुनाशक. म्हणजे चक्क खारा पाक! पाण्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ८० च्या आसपास असतो, साखर तो डोक्याच्या ४१.५ पर्यंत उतरवते. मीठ कंडक्टिव्हिटी वाढवतं.

हे सांगायचं कारण म्हणजे आपले फायनल इयरचे प्रोजेक्ट. मनगटावर, छातीवर बांधायच्या अँटेना आपण करतो. सिम्युलेशनचा ग्राफ छान येतो, टेबलावर रीडिंग घेतलं की व्हायवा संपला. पण तीच अँटेना अंगाला लागली की तिची फ्रिक्वेन्सी खाली सरकते आणि बरीच ऊर्जा अंगातच मुरते. टेबल बांधून कोण फिरणार आहे?

कुणी म्हणेल, सॉफ्टवेअरमध्ये शरीराचं मॉडेल मिळतं, नाहीतर स्वतःचा हात आहेच की! मॉडेल जरूर वापरावं, पण आपण सोल्डर केलेला कनेक्टर त्यात नसतो. हात हलतो, शिवाय प्रत्येकाचा वेगळा. पाकाचं भांडं मात्र जागचं हलत नाही, आजचं रीडिंग उद्या ताडून बघता येतं. अर्थात पाक म्हणजे माणूस नव्हे. त्यात हाड नाही, चरबी नाही. ते प्रमाणित डोकंसुद्धा अमेरिकन सैनिकांच्या मापावर बेतलेलं. तरी रिकाम्या हवेपेक्षा ते खूपच बरं.

लोराचे प्रोजेक्ट ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना बँडमध्ये चालतात. ८३५ ची कृती त्याला जवळची, तेव्हा सुरुवात तिथूनच करू. पाच लिटर पाकाला साधारण साडेतीन किलो साखर पुरते. आपल्याकडचा गूळ मात्र नको, त्यातले क्षार कंडक्टिव्हिटी बिघडवतील. झाकण घट्ट हवं. पाणी उडालं की प्रमाण बदलतं, आणि मुंग्या तर येणारच!

सरांना एकच विनंती. अंगावर घालायच्या प्रत्येक अँटेनाच्या रिपोर्टात दोन ग्राफ सक्तीचे करा, एक हवेतला, एक पाकाजवळचा. आणि दुसरा वाईट आला म्हणून मार्क कापू नका. नाहीतर आम्ही तो दाखवणारच नाही, आणि उद्या असलाच बेल्ट एखाद्या पेशंटच्या छातीवर गप्प बसेल.