पुरस्कार गळ्याला की मतांना?

मानाचा पुरस्कार अनपेक्षित माणसाच्या पदरी पडला म्हणजे आपल्या देशात जो कोलाहल उठतो, त्यात एक गोष्ट हटकून आढळते. पुरस्कार ज्या कलेसाठी दिला गेला त्या कलेविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. गायकाची जात निघते, पक्ष निघतो, त्याने पूर्वी कोठे काय लिहिले याची कात्रणे निघतात. निघत नाही ते फक्त त्याचे गाणे. मद्रासच्या म्युझिक अकादमीने मार्च २०२४ मध्ये ‘संगीत कलानिधी’ या आपल्या सर्वोच्च बहुमानासाठी श्री. टी. एम. कृष्ण यांची निवड जाहीर केली, आणि तेव्हापासून वर्षअखेरपर्यंत दक्षिणेत जे रण माजले त्याचा वृत्तान्त आमच्या वाचकांपैकी अनेकांनी वाचला असेल. वाद कर्नाटक संगीताचा, गाव मद्रास. गोमंतकातल्या, बेळगावातल्या वा इंदुरातल्या वाचकाला त्याचे काय, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर इतकेच की, ज्या प्रश्नांवर तेथे भांडण झाले ते प्रश्न आपल्या देवळांच्या सभामंडपांतही उभे आहेत. तेथे अजून आरडाओरड झाली नाही, एवढाच काय तो फरक.

श्री. कृष्ण हे कोणी उपटसुंभ गायक नव्हेत. बी. सीताराम शर्मा यांच्याकडे त्यांची तालीम झाली, आणि १९४७ साली स्वतः संगीत कलानिधी झालेल्या शेम्मनगुडी श्रीनिवास अय्यर यांच्यासारख्या आचार्यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. त्यांच्या गायकीवर आक्षेप घ्यायचाच तर जागा पुष्कळ आहेत. दक्षिणेकडील मैफलीचा आज जो क्रम रूढ आहे, म्हणजे आरंभी वर्णम्, मग कृती, मध्यावर प्रमुख राग आणि त्यावर मृदंगम्ची ‘तनि’, शेवटी हलकी पदे, तो अरियक्कुडी रामानुज अय्यंगार यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात घालून दिला असे मानतात. कृष्ण यांनी तो मोडला. ते वर्णम् मैफलीच्या मध्यावर गातात. एखाद्या रागाची प्रदीर्घ आलापी करून त्या रागातील कृती न गाताच पुढे जातात. २०१५ साली त्यांनी मद्रासच्या डिसेंबरातील प्रसिद्ध हंगामात गाणार नाही असे जाहीर केले आणि ते कोळीवाड्यातल्या उत्सवाकडे वळले. २०१६ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. २०२० साली त्यांनी मृदंगम् घडविणाऱ्या, कातडे कमावून ते मढविणाऱ्या कारागिरांवर एक पुस्तक लिहिले. देवापुढे जे वाद्य घुमते त्याची पुडी कोणाच्या हातची, हा प्रश्न त्यात आहे, आणि तो अनेकांना रुचला नाही. आलापीपासून कृती तोडल्याने रागाची पूर्तता होते की तो अर्ध्यावर लोंबकळत राहतो, यावर जाणत्यांनी दहा दिवस वाद घातला असता तरी तो थोडाच झाला असता. असा वाद झाल्याचे मात्र फारसे ऐकिवात आले नाही.

झाले ते निराळेच. निवड जाहीर होऊन तीन-चार दिवस लोटले नाहीत तोच रंजनी व गायत्री या भगिनींनी आपण अकादमीच्या त्या वर्षीच्या परिषदेत भाग घेणार नाही असे कळविले. पाठोपाठ हरिकथाकार विशाखा हरी, त्रिचूर बंधू आणि इतर काहींनी तोच मार्ग धरला. रंजनी-गायत्रींचे नाव आपल्या लोकांस नवे नाही. त्यांचे बालपण व आरंभीचे शिक्षण मुंबईस झाले, आणि मद्रासच्या रसिकांपुढे मराठी अभंग गाऊन डोलावणाऱ्या गायिका म्हणून आपल्याकडे त्यांच्याविषयी आपुलकी आहे. कृष्ण यांनी परंपरेचा, या संगीतातील भक्तीचा व ते जोपासणाऱ्या समाजाचा अवमान केला, आणि ई. व्ही. रामस्वामी अर्थात पेरियार यांचा गौरव केला, असा त्यांच्या आक्षेपाचा मथितार्थ होता. १९५३ साली ज्यांनी गणेशमूर्ती फोडण्याची चळवळ चालविली त्या पेरियारांच्या स्तुतीचे गीत देवभक्ताच्या कानाला कसे लागेल, हे आम्हांस कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. आमच्याही कानाला ते गोड लागले नसते.

या कलावतींनी जे केले ते त्यांच्या अधिकारातले होते, असे आम्ही मानतो. ज्या व्यासपीठावर गाणे मनाला पटत नाही तेथे गाऊ नये. असा नकार देणारा आपल्या मानधनाला व मानाला मुकतो, म्हणून त्या नकाराला वजन असते. आमचा रोष त्यांच्यावर नाही. तो आहे त्यांच्यामागून धावत सुटलेल्या झुंडीवर, जिने जन्मात कधी तोडी आणि शुभपंतुवराळी यांतला भेद कानांनी पारखला नसेल, पण ‘कलानिधी परत घ्या’ अशी आरोळी मात्र पहिल्याच दिवशी ठोकली. आणि तितकाच रोष आहे तो दुसऱ्या पक्षावर. कृष्ण यांची बाजू घेणाऱ्यांनी तरी त्यांचे गाणे कोठे ऐकले होते? ते शूर आहेत, पुरोगामी आहेत, जातिभेदाचे शत्रू आहेत, या सर्व गुणांची पारायणे झाली. हे गुण एखाद्याला विधानसभेत धाडण्यास पुरेसे होतील, परंतु संगीत कलानिधी होण्यास त्यांचा काय उपयोग? शत्रूंनी त्यांना मतांसाठी नाकारले, मित्रांनी मतांसाठी डोक्यावर घेतले, आणि चाळीस वर्षांची तालीम दोहोंच्या पायांखाली सापडली.

या घोटाळ्याचे बीज खुद्द अकादमीने पेरले, हेही सांगितले पाहिजे. निवडीच्या निवेदनात तिने कृष्ण यांच्या समर्थ आवाजाचा व परंपरेशी असलेल्या निष्ठेचा उल्लेख केला तो ठीक. पण त्यांनी संगीताचा समाजसुधारणेचे साधन म्हणून उपयोग केला, असेही जोडून दिले. १९२८ साली स्थापन झालेल्या, संगीताच्या शास्त्रचर्चेसाठी नावाजलेल्या संस्थेला ही शेपटी कशाला हवी होती? सुधारणा ही बहुमानाची पात्रता ठरली की, ज्यांना ती सुधारणा वाटत नाही त्यांच्या लेखी तीच अपात्रता ठरणार. तराजूत एकदा आपण होऊन वेगळे वजन टाकले की दुसऱ्याने त्याच्या पिशवीतले टाकू नये असे सांगण्याचा हक्क उरत नाही.

आता आपल्या देवळांकडे वळू. ‘परंपरेचा मान राखणारा’ हीच कसोटी लावायची तर या परंपरेने आजवर कोणाला दारात उभे केले याचा जमाखर्च मांडावा लागेल. एम. एस. सुब्बुलक्ष्मी या मदुरेच्या वीणावादिनी षण्मुखवडिवू यांच्या कन्या. देवदासींच्या कुळात जन्मलेल्या. अकादमीने त्यांना संगीत कलानिधी केले ते १९६८ साली, आणि हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. म्हणजे स्थापनेनंतर चाळीस वर्षे अकादमीला एकही स्त्री त्या योग्यतेची दिसली नव्हती! त्याच कुलपरंपरेतल्या नर्तकी बालसरस्वती यांना १९७३ साली तो मान मिळाला. १९९८ साली तो शेख चिन्न मौलाना यांना मिळाला. हा मुसलमान नागस्वरवादक श्रीरंगम्‌मध्ये राहिला आणि रंगनाथाचा भक्त म्हणून ओळखला गेला. आपल्या गोमंतकात तरी वेगळे काय घडले? केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीच्या देवळाच्या सावलीत वाढलेले दीनानाथ, यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या देवापुढे स्वर लावला, आणि ज्या समाजाने तो हात जोडून ऐकला त्यानेच त्यांना बरोबरीची जागा नाकारली. केसरबाई व मोगूबाई दोघींनाही घडविले ते अल्लादियाखाँ साहेबांनी. १९४६ च्या सुमारास आकाशवाणीने, ज्यांचे खाजगी जीवन लोकापवादाचा विषय झाले आहे अशा कलावंतांना दार बंद करण्याचे धोरण आखले होते. गळा सोडून माणूस तपासण्याची ही रीत ज्यांनी ज्यांनी अवलंबिली, त्यांच्या हातून अपाय झाला तो बहुधा देवळातल्या गाण्यालाच.

‘पण ते लोक भक्त होते, आणि येथे भक्तीचाच उपहास आहे’ असे प्रतिपक्ष म्हणेल. हा आक्षेप हलका नाही. त्यागराजांची कृती श्रद्धेवाचून गाता येते काय? आमचे मत असे की, श्रद्धा ही गाण्यात उमटली तर कानाला कळते आणि न उमटली तरी कळते. तेव्हा तिचा शोध गाण्यातच घ्यावा. अमुक गायकाने गायिलेली कृती कोरडी वाटली, तीत रामाला घातलेली हाक ऐकू आली नाही, असे कोणी म्हणत असेल तर ते संगीताचे परीक्षण झाले, आणि ते आम्ही आदराने ऐकू. गाण्यात हाक ऐकू येत असूनही वर्तमानपत्रातील लेखामुळे ती खोटी ठरवायची असेल, तर मग सभागृहात बसून ऐकण्याचे कारणच काय? घरी लेख वाचावा आणि निकाल द्यावा.

पुरस्कारावर रुसावे कसे, याचा एक धडा आपल्याच मुंबईत चित्रपटसृष्टीसारख्या ठिकाणी घालून दिला गेला आहे. १९७३ च्या फिल्मफेअर सोहळ्यात उत्कृष्ट संगीताचे पारितोषिक ‘बेईमान’साठी शंकर-जयकिशन यांना मिळाले, त्यांतले जयकिशन १९७१ सालीच निवर्तले होते. त्याच वर्षी स्पर्धेत ‘पाकीजा’ होता. त्याचे संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ सालीच, चित्रपट पडद्यावर येण्याआधी, वारले होते. ‘पाकीजा’तली लताबाईंची गाणी गल्लोगल्ली वाजत असता पारितोषिक दुसरीकडे गेल्याने रसिक चकित झाले. तेव्हा ‘बेईमान’मधील भूमिकेसाठीच साहाय्यक अभिनेत्याचे पारितोषिक मिळालेल्या प्राण यांनी ते स्वीकारण्यास नकार दिला, कारण त्यांनी दिले ते हेच की, गुलाम मोहम्मद यांच्यावर अन्याय झाला आहे. विचार करा, हा नकार स्वतःच्या चित्रपटाच्या विरुद्ध होता, आणि त्यात कोणाच्या धर्माचा वा मतांचा संबंध नव्हता. एका बाजूची गाणी दुसऱ्या बाजूच्या गाण्यांपेक्षा सरस आहेत, एवढाच दावा होता. पन्नास वर्षे उलटली. त्या दाव्याची परीक्षा आजही कोणीही दोन्ही चित्रपटांच्या तबकड्या लावून करू शकतो.

मद्रासच्या दाव्याची परीक्षा अशी करता येत नव्हती, म्हणून तो न्यायालयात गेला. एका दैनिकाने २००५ साली एम. एस. यांच्या नावे ठेवलेला एक लक्ष रुपयांचा पुरस्कार संगीत कलानिधीस देण्याची प्रथा आहे. कृष्ण यांनी एम. एस. यांच्याविषयी केलेले लेखन अवमानकारक आहे, आणि आपले स्मारक करू नये अशी खुद्द एम. एस. यांची मृत्युपत्रात इच्छा होती, या मुद्द्यांवर त्यांच्या नातवाने फिर्याद केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी एम. एस. यांच्या नावाने पुरस्कार देण्यास मनाई केली; डिसेंबरात खंडपीठाने ती उठविली; आणि तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने, कृष्ण यांनी त्या नावाच्या पुरस्काराचे मानकरी म्हणून स्वतःस मिरवू नये, असा अंतरिम आदेश दिला. संगीत कलानिधीचा मान त्यांना १ जानेवारी २०२५ रोजी मिळाला. आजीच्या लौकिकासाठी नातवाने झटावे यात गैर काही नाही. परंतु एका महिन्यात तीन न्यायपीठांपुढे ज्याचा काथ्याकूट झाला त्यात एकाही रागाचे नाव आले नसेल, हे मनात येऊन आम्हांस विषाद वाटला.

कोणी म्हणेल की हा सारा रोष मुळात संगीताच्याच काळजीपोटी होता. तसे असते तर पुढच्या वर्षी काय झाले ते पाहावे. २०२५ च्या संगीत कलानिधीसाठी व्हायोलिनवादक श्री. आर. के. श्रीरामकुमार यांचे नाव जाहीर झाले. विद्वान माणूस, निवड यथायोग्य. तसा गहजब काही उठला नाही. हेच श्रीरामकुमार वर्षानुवर्षे कृष्ण यांच्या मैफलींत त्यांच्या शेजारी बसून साथ करीत आले आहेत. कृष्ण यांनी कृतीवाचून सोडलेल्या आलापीला त्यांच्याच गजाने उत्तर दिले, आणि मध्यावर गायिलेले वर्णम् त्यांनीच तोलून धरले. ज्या गाण्याने परंपरा बुडाली म्हणतात त्या गाण्यातला अर्धा वाटा यांचा आहे, आणि त्यांच्याविषयी कोणाची तक्रार नाही.

येत्या जत्रा-उत्सवांसाठी आपल्या देवस्थानांच्या समित्या गायकांची नावे ठरविण्यास बसतील. कोणी एखाद्या नावावर बोट ठेवून ‘हा नको’ म्हणाला तर त्याला एवढेच विचारावे: तुम्ही यांना शेवटचे कधी ऐकले, आणि कोणत्या रागात?