काचेआडचे ऊन सरड्याला पुरत नाही

परवा एका परिचितांकडे गेलो होतो. दिवाणखान्याच्या खिडकीत काचेची पेटी, तळाला वाळू आणि वाळूवर दीड फुटी, गळ्याखाली काटेरी दाढी असलेला सरडा. ‘बिअर्डेड ड्रॅगन. अगदी गुणी प्राणी, काही त्रास नाही. दिवसभर उन्हात पडून असतो,’ यजमान म्हणाले. तेवढ्यात सरड्याने पुढचा एक पाय उचलून हळूच गोल फिरवला आणि धाकटी ओरडली, ‘बघा काका, टाटा करतोय!’

तो टाटा नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला हा सरडा समोर दांडगा कोणी आला, की पाय हलवून ‘मला भांडायचे नाही’ असे सांगतो. कुत्र्या-मांजरांवरून बांधलेले आपले आडाखे इथे चुकतात. सर्वांत मोठी चूक म्हणजे शांत पडून असलेला प्राणी सुखी आहे असे समजणे. सरपटणारे प्राणी दुखणे लपवतात. आजारी सरडाही शांतच दिसतो.

‘उन्हात असतो’ हे तर निम्मेच खरे. या सरड्याला कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार करायला सूर्यप्रकाशातले यूव्हीबी किरण लागतात. खिडकीची काच उजेड आणि ऊब आत सोडते, यूव्हीबी जवळजवळ सगळे अडवते. ‘ड’ नाही म्हणजे आहारातले कॅल्शियम अंगी लागत नाही. मग शरीर ते हाडांतून काढून घेते. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, थरथरतात, साध्या उडीत हाड मोडते. मालकाच्या लक्षात येईपर्यंत वाकलेले हाड वाकलेलेच राहते.

बरे, पेटीत दिवा होता. पण साधा पिवळा बल्ब. ऊब देणारा दिवा वेगळा आणि यूव्हीबी देणारी नळी वेगळी, हे अनेकांना विकत घेताना कोणी सांगत नाही. शिवाय त्या नळीचा उजेड टिकला, तरी तिच्यातले यूव्हीबी काही महिन्यांत घटत जाते. नळी पेटते आहे म्हणून बदलायची नाही, हा हिशेब इथे चालत नाही.

‘आपल्याकडे उष्णच असते की!’ हा दुसरा युक्तिवाद. या प्राण्याला पेटीच्या एका टोकाला चाळीसेक अंश आणि दुसऱ्या टोकाला पंचविसाच्या आसपास हवे असते, म्हणजे तो हवे तेव्हा जागा बदलतो. सगळीकडे सारखीच उष्णता असेल, तर जायचे कुठे? मे महिन्यात खिडकीतली काचेची पेटी उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीसारखी तापते.

खाण्याचे थोडक्यात: पिल्लांना किडे भरपूर लागतात, मोठ्यांना मात्र मुख्यतः पालेभाज्या, रोज किडेच दिले तर ते लठ्ठ होतात. पालक रोज नको, त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते. आणि अंगणात सापडलेले किडे तर देऊच नयेत. अमेरिकेत काजवे खाऊन हे सरडे मेल्याच्या नोंदी आहेत.

आता माणसांचे. ‘वास नाही, केस नाहीत, म्हणजे स्वच्छ’ हा समज मला सर्वांत धोक्याचा वाटतो. सरड्याच्या आतड्यात साल्मोनेला जीवाणू सुखाने राहतात. त्याला काहीही होत नाही. ते विष्ठेतून अधूनमधून बाहेर पडतात, म्हणून एखादी तपासणी निर्दोष आली तरी खात्री देता येत नाही. मुलाने सरड्याला हात लावायलाच हवा असेही नाही. पेटीतली भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुतली तरी पुरते. मोठ्यांना जुलाब-ताप होऊन बहुधा निभावते, लहानग्यांत संसर्ग रक्तात पसरू शकतो. अमेरिकेने 1975 मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आणली, ती मुलांच्या याच आजारामुळे. तिथली सीडीसी ही आरोग्ययंत्रणा पाच वर्षांखालची मुले असलेल्या घरांत सरपटणारे प्राणी नकोत, असाच सल्ला देते.

पाळूच नये, असे माझे म्हणणे नाही. पण हा दहा-दहा वर्षे जगणारा प्राणी वाढदिवसाची भेट म्हणून घरी येतो, हे मला पटत नाही. आधी दिवे, तापमापक आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य शोधावा, सरडा शेवटी.

यजमानांनी यूव्हीबीची नळी लगेच मागवली. भांडी धुवायला वेगळी बादलीही काढली. धाकटी साडेतीन वर्षांची आहे. ती पाचाची होईपर्यंत सरडा तिच्या कॉलेजातल्या मामाकडे ठेवा, असे मी सुचवले आहे. अजून उत्तर आलेले नाही.