यंत्रशाळेंतील तत्त्वज्ञान

‘इंजिनियर मंडळी गणितें सोडवितात, विचार करणें हा त्यांचा प्रांत नव्हे,’ असें आमचे कांहीं साहित्यिक मित्र मोठ्या आत्मविश्वासानें म्हणतात. हें मत निव्वळ अज्ञानमूलक आहे. मात्र त्या अज्ञानाचें निम्में पातक यंत्रविद्येच्या अध्यापकांच्या, म्हणजे आमच्याच, माथीं आहे.

उष्मागतिशास्त्राचेंच पहा. वाफेच्या यंत्रापासून जास्तींत जास्त किती काम मिळूं शकेल, असा प्रश्न १८२४ सालीं सादी कार्नो या अठ्ठावीस वर्षांच्या फ्रेंच इंजिनियरानें विचारला. प्रश्न कोळशाच्या हिशेबाचा; उत्तर निघालें तें सृष्टीच्या मर्यादेचें. ही मर्यादा कारागिराच्या कौशल्यावर अवलंबून नाहीं, वाफ वापरा कीं हवा, यावरही नाहीं. उष्णता कोणत्या तपमानास घेतली व कोणत्या तपमानास टाकली, एवढ्यावरच ती ठरते. ६०० केल्विनला उष्णता घेऊन ३०० ला टाकणारें यंत्र साक्षात् विश्वकर्म्यानें घडविलें, तरी निम्म्याहून अधिक उष्णतेचें काम तें करूं शकणार नाहीं.

याहून नवल पुढेंच आहे. उष्णता हा एक अविनाशी द्रव आहे, या त्या काळच्या चुकीच्या समजुतीवर कार्नोनें आपलें अनुमान उभारलें होतें. पाया खोटा आणि सिद्धांत खरा! धुक्याला धूर समजून कोणी पर्वतावर अग्नीचें अनुमान करावें आणि तेथें खरोखरच अग्नि निघावा, तर त्या अनुमानास ज्ञान म्हणावें काय, हा आमच्या जुन्या पंडितांच्या वादांतील प्रश्न. तोच येथें बॉयलरच्या धगीशेजारीं उभा आहे. १८५० मध्यें क्लॉसियसनें पाया बदलला, इमारत राहिली. १८६५ सालीं त्यानेंच ‘एन्ट्रॉपी’ हा शब्द घडविला. काळ एकाच दिशेनें कां वाहतो, हा त्यांतून उठलेला वाद अद्याप मिटलेला नाहीं.

पस्तीस वर्षांपूर्वीं कॉलेजांत आम्हांला यांतील काय मिळालें? वाफेचीं कोष्टकें. एन्ट्रॉपीचा आंकडा उचलावा, सूत्रांत घालावा, उत्तराखालीं दोन रेघा ओढाव्या. ही राशि म्हणजे आहे तरी काय, असें एकानें विचारलें, तेव्हां ‘तें परीक्षेला येत नाहीं’ असें उत्तर मिळालें. पुढें आम्हींही आपल्या विद्यार्थ्यांना तेंच उत्तर दिलें आहे. खोटें कशाला सांगावें?

मानव्यविद्येचा एखादा विषय अभ्यासक्रमाला जोडला म्हणजे इंजिनियर सुसंस्कृत होतो, ही हल्लींची लाडकी कल्पना. ताटांतलें अन्न तसेंच टाकून शेजाऱ्याच्या दारीं भिक्षा मागण्याचा हा प्रकार आहे. त्यापेक्षां कार्नोचा निबंध विद्यार्थ्यांच्या हातीं द्या. आमच्या साहित्यिक मित्रांनींही तो वाचावा. त्यांत गणित फारसें नाहीं, तेव्हां ती सबब चालावयाची नाहीं.